बिघाडाची नोंदवही

गेल्या वर्षभरात वस्तीतली तरुण मुले आमच्याकडे एकच तक्रार घेऊन येत आहेत. कुठल्यातरी कचेरीने काढून टाकलेला जुना संगणक घरी आला. नवे विंडोज त्यावर चालेना, म्हणून मुलाने मित्राचे ऐकून त्यावर लिनक्स टाकले. आता स्क्रीन काळी आहे, किंवा इंग्रजीत कसल्याशा ओळी येतात आणि यंत्र तिथेच थांबते. मुलगा खजील होतो, बाप वैतागतो आणि आई म्हणते, "आपल्या हाताला यशच न्हाई बघा."

हा लेख अशा घरांसाठी आहे. आम्ही संगणकाचे इंजिनिअर नव्हे. बी.कॉम. झालेले, दिवसभर आवक-जावक सांभाळणारे कारकून आहोत आणि संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेचे काम पाहतो. तरीही या विषयावर लिहीत आहोत, कारण यंत्राचा बिघाड शोधायला लागणारी निम्मी विद्या कारकुनाचीच आहे, असे आम्हाला अनुभवाने दिसून आले आहे. ती विद्या म्हणजे नोंद ठेवणे.

आधी लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. संगणकाचे सुटे भाग आणि आपण करतो ते काम यांच्यामध्ये एक कारभारी लागतो. कीबोर्डवर दाबलेले अक्षर स्क्रीनवर आणणे, हार्डडिस्कवर कागद जपून ठेवणे, प्रिंटरला हुकूम देणे ही कामे तो करतो. त्याला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही एका कंपनीच्या मालकीची कार्यप्रणाली आहे. लिनक्सचे तसे नाही. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत आहोत, असे जाहीर केले. त्याआधी १९८३ पासून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' नावाचे काम हाती घेतले होते. प्रोग्राम वापरण्याचा, तो आतून पाहण्याचा, त्यात बदल करण्याचा आणि तो दुसऱ्याला देण्याचा हक्क प्रत्येकाला असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. ही दोन कामे एकत्र आली आणि आज ज्याला आपण लिनक्स म्हणतो ते उभे राहिले.

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट समजायला जड नाही. आपल्या शिवाजी उद्यमनगरात इंजिन बिघडले की मिस्त्री ते उघडतो, भाग काढून पाहतो, न मिळणारा भाग लेथवर करून घेतो. बॉनेटला कुलूप आहे, किल्ली कंपनीकडे आहे, असे कोणी सांगितले तर तो मिस्त्री हसेल. लिनक्सच्या बॉनेटला कुलूप नाही, एवढेच समजून चाला.

मग हा विषय आताच का निघाला? मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. त्यापुढचे विंडोज ११ चालवायला ठराविक नवा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी संगणक कचेऱ्यांतून बाहेर पडू लागले. असेच सात संगणक आमच्या अभ्यासिकेला मिळाले. त्यांतले काही तर विंडोज १० च्याही आधीच्या जमान्यातले होते. एका दुकानदाराने बाहेरूनच पाहिले आणि म्हणाला, "हे डबे भंगारात घाला." वस्तीत बारावीच्या पुढे शिकणारी मुले पंचवीस-तीस आणि घरात संगणक असलेली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. भंगारात घालणे आम्हाला परवडणारे नव्हते.

पहिल्या दिवशी आम्ही एक शंभर पानी वही आणली आणि रकाने आखले: तारीख, यंत्राचा क्रमांक, काय केले, काय झाले, स्क्रीनवर आलेला मजकूर, शेरा. मुलांना हसू आले. "मामा, हितं पण आवक-जावक?" आम्ही म्हटले, "होय बाळांनो, हितं पण."

कॉमर्स शिकलेल्या वाचकांना तेरीज आठवत असेल. खतावणीतल्या नावे आणि जमा या दोन बाजू जुळल्या नाहीत तर कोणी सगळी दप्तरे फेकून देत नाही. फरक किती आहे ते आधी पाहतात. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर कुठेतरी अंक उलटसुलट पडले असण्याची शक्यता धरतात. ५४ च्या जागी ४५ लिहिले गेले असेल. फरक आपल्याला वाट दाखवतो. यंत्राचेही तसेच आहे. स्क्रीनवर आलेली इंग्रजी ओळ म्हणजे यंत्राने दिलेला फरक. ती शिवी नव्हे, आपल्या अडाणीपणाचा दाखलाही नव्हे. तिथे काय अडले ते यंत्र आपल्या परीने सांगत असते. ती ओळ जशीच्या तशी उतरून घ्यायची किंवा मोबाईलवर तिचा फोटो काढायचा, आणि मग विचार करायचा.

दुसरा नियम, एका वेळी एकच बदल. रॅम बदलली, केबल बदलली आणि पेनड्राइव्हही बदलला, आणि यंत्र चालू झाले, तर कशाने चालू झाले हे कळत नाही. पुन्हा बंद पडले की आपण होतो तिथेच.

आता त्या सात यंत्रांची हकीकत सांगतो. या तक्रारी घरोघरी याच असतात, म्हणून ती उपयोगी पडेल.

पहिले यंत्र चालू केले की नुसते टीं-टीं वाजायचे, स्क्रीनवर काही नाही. असा आवाज बहुधा रॅमची तक्रार असते. वीज काढून, रॅमची पट्टी बाहेर काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला खोडरबर हलकेच फिरवला, ब्रशने खाचेतली धूळ काढली, पट्टी खटकन बसवली. यंत्र बोलू लागले. खर्च शून्य.

दुसरे यंत्र दहा-पंधरा मिनिटे चाले आणि आपोआप बंद पडे. लिनक्स टाकताना मध्येच बंद पडले, म्हणून मुले लिनक्सला दोष देत होती. वहीत वेळा लिहिल्या तेव्हा दिसले की विंडोज असतानाही ते तेवढ्याच वेळाने बंद पडत होते. प्रोसेसरवरच्या पंख्यात धुळीचा नमदा बसला होता आणि खालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडी झाली होती. पंखा साफ केला, पेस्ट नवी लावली, मग ते दिवसभर चालले.

तिसऱ्याने लिनक्स घेण्यास सरळ नकार दिला. ओळीचा अर्थ असा होता की ही कार्यप्रणाली ६४ बिटची आहे आणि हा प्रोसेसर ३२ बिटचा. हे यंत्र जुन्या पेंटियमचे. बैलगाडीला ट्रॅक्टरचे टायर बसत नाहीत, यात बैलाचा दोष नाही. त्याच्यासाठी डेबियन १२ ही २०२३ साली आलेली लिनक्सची आवृत्ती ३२ बिटमध्ये मिळाली. पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटच्या जुन्या संगणकांसाठी इन्स्टॉल करण्याची सोय बंद केली आहे. म्हणजे या यंत्राचे दिवस आता मोजके आहेत. लिनक्स आले म्हणजे जुने यंत्र अमर झाले, असा समज कोणी करून घेऊ नये. खुद्द टोरवाल्ड्स यांनी ज्या ३८६ जातीच्या प्रोसेसरवर लिनक्स लिहिले, त्या प्रोसेसरचा आधार लिनक्सनेच २०१३ साली आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून सोडला.

चौथ्यावर लिनक्स बसले, पण चालू करताना स्क्रीन काळी. हा प्रकार पुष्कळांना भेटतो आणि पुष्कळजण इथेच हात टेकतात. यंत्र बंद नसते, चित्र दाखवणाऱ्या भागाशी त्याचे जुळत नसते. चालू होताना जी यादी दिसते तिच्यावर इंग्रजी 'ई' दाबायचा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायचा आणि एफ १० दाबायचे. चित्र साध्या पद्धतीने दिसू लागते. हा इलाज त्या एका वेळेपुरता असतो. आत शिरल्यावर योग्य ड्रायव्हर टाकून तो कायमचा करावा लागतो.

पाचव्याचे सगळे चालले, फक्त वायफाय दिसेना. कारण, काही वायफाय-चिपांना कंपनीचा स्वतःचा छोटा प्रोग्राम लागतो. डेबियनने तो आपल्या इन्स्टॉलरमध्ये डेबियन १२ पासून घेतला, त्याआधी तो वेगळा आणावा लागे. आता नेट नाही म्हणून प्रोग्राम उतरवता येत नाही, आणि प्रोग्राम नाही म्हणून नेट नाही! यातून सुटण्याची सोपी वाट आपल्या खिशात असते. मोबाईल केबलने संगणकाला जोडायचा आणि मोबाईलमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करायचे. मोबाईलचे नेट संगणकाला मिळते.

सहाव्यात 'इनपुट-आउटपुट एरर' अशा ओळींची रांग लागली. ही हार्डडिस्क मरणपंथाला लागल्याची खूण असते. अशा डिस्कवर पुन्हा पुन्हा लिनक्स टाकत बसण्यात अर्थ नाही. आधी आतले कामाचे कागद, फोटो दुसरीकडे काढून घ्यावेत. आम्ही वर्गणी काढून एक लहान एसएसडी घेतली. जुन्या यंत्रावर पैसे खर्च करायचेच असतील तर सगळ्यात आधी इथे करावेत. यंत्राचा वेग मुलांनी डोळ्यांनी पाहिला.

सातवे यंत्र ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेच्या पाण्यात बुडून निघालेले. ते वाळवले होते, कधी चालू व्हायचे, कधी नाही. उघडले तर मदरबोर्डवर हिरवा गंज. त्याची एक रॅमची पट्टी चांगली निघाली. ती त्याच जातीची रॅम लागणाऱ्या दुसऱ्या यंत्राला दिली आणि वहीत शेरा लिहिला: 'यंत्र क्र. ७ दुरुस्त होणार नाही.' त्याचा वीजपुरवठ्याचा डबा मात्र कोणालाही वापरू दिला नाही. पुरात बुडालेल्या डब्यातून शॉक बसू शकतो, आग लागू शकते. तो डबा उघडण्याचा प्रयोग तर घरी कोणीही करू नये.

सातांपैकी सहा यंत्रे उभी राहिली. आणि वरच्या हकीकती पुन्हा पाहा. रॅमचे दात, वाळलेली पेस्ट, मरायला टेकलेली डिस्क, गंज. लिनक्सच्या नावावर जमा झालेल्या निम्म्याहून अधिक तक्रारी लिनक्सच्या नव्हत्याच. नोंद केली नसती तर त्या तशाच त्याच्या नावावर राहिल्या असत्या.

या वहीची खरी परीक्षा मात्र पुढे झाली, आणि ती आम्ही दिली नाही. आमच्या अभ्यासिकेत एक मुलगी येते. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील नाहीत. मुलगी बी.ए. झाली आहे आणि क्लार्क-टंकलेखकाच्या परीक्षेची तयारी करते. त्या पदासाठी मराठी मिनिटाला ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. बाहेर तासाचे पैसे मोजून तेवढा सराव तिला होणार नव्हता. पहाटे साडेपाचला अभ्यासिका उघडून ती यंत्र क्रमांक १ वर बसे. लिनक्समध्ये मराठी अक्षरे आणि इन्स्क्रिप्ट हा सरकारमान्य कीबोर्ड मिळतो, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. (परीक्षेला नेमकी कोणती कीबोर्ड-रचना लागते हे मात्र जाहिरात वाचून आधी खात्री करून घ्यावी, मगच बोटांना सवय लावावी.)

एका सोमवारी तिचा परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. फीचे पैसे आईने कामाच्या एका घरातून उचल घेऊन दिले होते. संकेतस्थळ उघडेना. 'जोडणी सुरक्षित नाही' असे सांगून यंत्र तिला परत पाठवी. भोवती चार मुले जमली. एक म्हणाला, लिनक्सवर सरकारी अर्ज भरताच येत नाहीत. दुसरा म्हणाला, सगळे पुसून पुन्हा टाकू. पुन्हा टाकायचे तर सगळी दुपार जाणार आणि अर्ज राहणार. आम्ही कचेरीत होतो. तिने फोन केला.

"मामा, यंत्र साइट उघडंना झालंय. पण मी वही बघितलो. मागल्या सोमवारी बी असंच लिवलंय. त्याच्या मागल्या सोमवारी बी. मंगळवारी, बुधवारी कधीच न्हाई."

"मग सोमवारचं काय वेगळं आहे?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शनिवारी रात्री आपण मेन स्विच बंद करून जातो की. रविवारी अभ्यासिका बंद असती."

"तारीख बघ बरं यंत्रातली."

यंत्रातली तारीख कित्येक वर्षे मागची होती. संगणकाच्या मदरबोर्डवर दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा लहान अशी गोल बॅटरी असते, क्रमांक सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम तिचे. ती संपली होती. इतर दिवशी यंत्र बंद असले तरी भिंतीतली वीज चालू असल्याने घड्याळ टिके. शनिवारी मेन स्विच बंद झाला की घड्याळ मरे. आणि सुरक्षित संकेतस्थळाचे ओळखपत्र यंत्रातला ब्राउझर तारीख पाहूनच खरे मानतो. तारीख चुकीची असेल तर खरे ओळखपत्रही खोटे ठरते. बऱ्याच लिनक्समध्ये घड्याळ नेटवरून आपोआप जुळते. त्या यंत्रावरच्या हलक्या आवृत्तीत ती सोय मुळातच चालू नव्हती.

तिने तारीख-वेळ बरोबर केली, साइट उघडली, अर्ज भरला गेला. दुसऱ्या दिवशी पन्नास रुपयांच्या आतली ती बॅटरी तिनेच विकत आणून बसवली आणि वहीत नोंद केली. नोंदीखाली सहीसुद्धा केली.

त्या मुलीने संगणकाचा कोणताही मोठा कोर्स केलेला नाही. तिने जुन्या नोंदी वाचल्या आणि त्यांतला फरक ओळखला. शोध लावणे म्हणतात ते यापेक्षा फार वेगळे असते असे आम्हाला वाटत नाही.

आता मोबाईलविषयी, कारण इथे धोका जास्त आहे. पुष्कळांना माहीत नसते की अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनच्या आत मुळात लिनक्सच असते. पण फोनच्या बॉनेटला कुलूप असते. त्याला बूटलोडरचे कुलूप म्हणतात. दुसरी कार्यप्रणाली टाकायची तर ते कुलूप काढावे लागते, आणि ते काढताना फोनमधला सगळा मजकूर पुसला जातो. कुलूप काढलेल्या फोनवर बँकेची आणि पैशाच्या व्यवहाराची काही ॲप चालायला नकार देतात. आणि चुकीच्या मॉडेलची फाइल मारली तर फोन लोगोवर अडकतो, नाहीतर साफ बंद पडतो.

आमच्या शेजारच्या गल्लीत एक अण्णा रिक्षा चालवतात. मुलगा आयटीआयला आहे, हुशार आहे. वडिलांचा फोन फार संथ झाला म्हणून त्याने चांगल्या हेतूनेच रात्री त्यावर दुसरी कार्यप्रणाली मारायला घेतली. फोन लोगोवर अडकला. रिक्षात चिकटवलेल्या क्यूआर कोडवर गिऱ्हाइके पैसे टाकत होती, ते खात्यात जमाही होत होते, पण अण्णांना ते दिसेनात. "पैसं आलं का न्हाई त्येच कळंना. लोकांच्या तोंडावर विश्वास ठिवून सोडतोय," असे ते सांगत. तीन दिवस त्यांनी तसेच काढले.

दुरुस्तीवाल्याने त्या मॉडेलची कंपनीची मूळ फाइल मारून फोन उभा केला. पण फोनमधले त्यांच्या आईचे फोटो गेले. आई गेल्या वर्षी वारल्या. मुलगा दोन दिवस जेवला नाही. मग त्याने आत्याकडे, मामाकडे, चुलतभावांकडे व्हॉट्सॲपवर पूर्वी पाठवलेले फोटो मागून मागून गोळा केले. इचलकरंजीच्या आत्याकडे सगळ्यात जास्त निघाले. सगळे मिळाले नाहीत. मिळाले तेवढे त्याने पेनड्राइव्हवर एकदा आणि अभ्यासिकेच्या संगणकावर एकदा, असे दोन ठिकाणी ठेवले.

म्हणून आमची हात जोडून विनंती आहे. घरातल्या कमावत्या माणसाच्या फोनवर प्रयोग करू नका. शिकायचे असेल तर कपाटात पडलेला, सिम नसलेला फोन घ्या. पोस्टमार्केट ओएस नावाचे एक काम २०१७ पासून चालू आहे. फोन दोन-तीन वर्षांत टाकून न देता दहा वर्षे वापरता यावा, असा त्यांचा हेतू आहे. त्यांच्या यादीत आपले नेमके मॉडेल आहे का, आणि असल्यास त्यात कॉल, कॅमेरा, वायफाय यांपैकी काय काय चालते, हे आधी पाहावे. अनेक फोनांवर सगळेच चालत नाही. त्या मुलाच्या जुन्या, काच तडकलेल्या फोनचे नाव यादीत नव्हते. काम तिथेच थांबले. 'यादीत नाही' हीसुद्धा नोंदच आहे, आणि पुढच्या मुलाची एक रात्र ती वाचवते.

त्याला दुसरी वाट मिळाली. टर्मक्स नावाचे ॲप अँड्रॉइडच्या आतच लिनक्सच्या आज्ञा चालवू देते. कुलूप काढावे लागत नाही, फोनमधले काही पुसले जात नाही. ते एफ-ड्रॉइड या ठिकाणाहून घ्यावे. अँड्रॉइड १२ किंवा पुढच्या फोनवर ते कधी कधी 'सिग्नल ९' असे लिहून मध्येच बंद पडते. घाबरू नये. ॲपने पाठीमागे फार कामे चालू केली की अँड्रॉइड स्वतःच ती मारून टाकते, तेवढाच त्याचा अर्थ. एका वेळी कमी कामे चालवावीत. तो मुलगा आता याच ॲपवर आज्ञा शिकतो आणि अभ्यासिकेच्या वहीत स्वतःचे पान लिहितो.

कोणी म्हणेल, हे हौशी लोकांचे खेळणे आहे, यावर नोकरी कुठे मिळते? तर केरळच्या सरकारी शाळांतले संगणक कितीतरी वर्षे लिनक्सवरच चालत आहेत. आपल्या देशातील जिल्हा न्यायालयांच्या ई-कोर्ट कामात उबंटू हे लिनक्स वापरले गेले आहे. केंद्र सरकारच्या सी-डॅक संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाचे लिनक्स काढले, त्यात मराठीची सोय आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील एका धनगरवाड्यावरच्या शाळेत २००७ साली मुलांना जे छोटे लॅपटॉप मिळाले, तेही लिनक्सवर चालणारे होते, आणि मुलांना स्वतः उघडून दुरुस्त करता यावेत अशीच त्यांची घडण होती. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे आणि लिबरऑफिसचे धडे मराठी आवाजात फुकट मिळतात. इंग्रजीचा धाक असलेल्या मुलांनी तिथून सुरुवात करावी.

पण भलत्या आशाही दाखवणार नाही. हिशेबाचे जे प्रोग्राम दुकानदार वापरतात ते विंडोजसाठी बनवलेले असतात, लिनक्सवर ते सरळ चालत नाहीत. काही जुन्या लेझर प्रिंटरांचा ड्रायव्हर लिनक्सवर नीट मिळत नाही. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटात टाईप केलेल्या मंडळाच्या पत्रिका आणि इतिवृत्ते लिनक्सवर उघडली की नुसती चिन्हे दिसतात. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. ज्याच्या पोटाचे काम अशा गोष्टींवर अवलंबून आहे त्याने यंत्र बदलण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. लिनक्स ही काही श्रद्धेची बाब नाही. कामाला आले तर वापरावे.

ज्यांच्या घरी असा संगणक आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून थांबतो. पहिली, काहीही टाकण्यापूर्वी फोटो, दाखले, गुणपत्रिका, जातीचे प्रमाणपत्र यांच्या प्रती पेनड्राइव्हवर काढून तो पेनड्राइव्ह बाजूला ठेवा. दुसरी, लिनक्सची फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रुफससारख्या प्रोग्रामने ती 'लिहावी' लागते. उतरवलेल्या फाइलसोबत एक चौसष्ट अक्षरी ओळख दिलेली असते, ती जुळते का पाहा. मनीऑर्डरचा नंबर जुळवतो तसे. फाइल अर्धवट उतरली असेल तर तिथेच कळते. तिसरी, थेट टाकू नका. पेनड्राइव्हवरून 'ट्राय' करून पाहण्याची सोय असते. त्यात आवाज, वायफाय, स्क्रीन, मराठी अक्षरे तपासा आणि मगच पुढे जा. चौथी, वही ठेवा.

आणि आईवडिलांना एक सांगणे. मुलाच्या हातून यंत्र अडले तर त्याला 'तुला काय जमतंय' असे म्हणू नका. यंत्राला नशीब नसते आणि माणसाच्या हातालाही यश-अपयश चिकटलेले नसते. कारण असते, ते शोधावे लागते, आणि शोधायला वेळ लागतो. तुम्हाला स्वतःला त्यातले काही कळत नसेल तरी चालेल. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "काय लिवलंय रं स्क्रीनवर? वाच बघू." तो मोठ्याने वाचू लागला की अर्धे काम झाले. बाकीचे अर्धे करायला आमच्या अभ्यासिकेची वही कोणालाही पाहायला खुली आहे. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत या, आपल्या यंत्राचे काय झाले ते सांगा, आणि जाताना त्यात तुमचीही एक नोंद करून जा.